परदेशी पाठवलेले बियाणे आणि खाद्यपदार्थ टपालात वारंवार का अडकतात आणि त्यावर काय करावे

बागेतले बियाणे किंवा खाण्याची वस्तू परदेशातल्या माणसाला टपालाने पाठवली की पुढचा प्रकार अनेकांच्या वाट्याला येतो. पाकीट कित्येक आठवड्यांनी परत येते. किंवा पोहोचते, पण आतली वस्तू काढून घेतलेली असते आणि तिच्या जागी एक छापील चिठ्ठी असते. किंवा ट्रॅकिंगवर ‘कस्टम्स तपासणीत’ असा शेरा दिसू लागतो आणि त्यापुढे काहीच हलत नाही. पाठवणारा मग वस्तू अधिक घट्ट गुंडाळतो, घोषणापत्रावरचे शब्द थोडे बदलतो, तीच वस्तू पुन्हा पाठवतो आणि पुन्हा तेच घडते. ही अडचण पॅकिंग सुधारून किंवा दुसरी टपाल सेवा निवडून सहसा सुटत नाही. ज्या देशात वस्तू जायची असते त्या देशाने मागितलेली माहिती किंवा कागद त्या पाकिटाबरोबर नसतो, आणि तो मिळवण्याचे काम पाकीट टपालात टाकण्याच्या बरेच आधी, पुष्कळदा घेणाऱ्याच्या बाजूने, सुरू व्हावे लागते. तो क्रम कसा लावायचा, हे या लेखात सांगितले आहे.

पाकीट नेमके कुठे थांबले?

उपाय शोधण्याआधी पाकीट कोणत्या टप्प्यावर अडले ते पाहावे, कारण प्रत्येक टप्प्याचे कारण वेगळे असते. पाकीट स्वतःच्या देशाबाहेर पडलेच नसेल, तर बहुधा घोषणापत्राची इलेक्ट्रॉनिक माहिती अपुरी असते किंवा ती वस्तू पाठवायला टपाल खात्याचीच मनाई असते. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय टपालाची माहिती पाकीट पोहोचण्याआधी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पुढच्या देशाला कळवावी लागते. हाताने भरलेला कागद चिकटवला आणि काम झाले, अशी स्थिती आता राहिलेली नाही.

पाकीट पोहोचण्याच्या देशात जाऊन थांबले असेल, तर ते सीमाशुल्क विभागाने थांबवले की वनस्पती किंवा अन्न तपासणीच्या यंत्रणेने, हे घेणाऱ्याने विचारून घ्यावे. सीमाशुल्काचा प्रश्न किंमत, कर आणि वर्णन यांचा असतो, तो खुलासा देऊन किंवा शुल्क भरून बऱ्याचदा मिटतो. वनस्पती तपासणीचा प्रश्न रोग आणि किडीचा असतो, आणि तिथे कागद नसेल तर नंतर आणून देण्याची सोय क्वचितच असते. पाकीट उघडून आतली वस्तू काढली असेल, तर बरोबरची चिठ्ठी फेकू नये. त्या चिठ्ठीवर जप्तीचे कारण, पुष्कळदा नियमाच्या क्रमांकासह, छापलेले असते, आणि पुढच्या वेळी काय करायचे याचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच असतो.

मूठभर बियांसाठी एवढा कडकपणा कशाला?

हा प्रश्न चिडून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. बी दिसायला कोरडे आणि निर्जीव वाटते, परंतु विषाणू, बुरशी, सूत्रकृमी आणि तणांची बीजे यांना दूरच्या प्रवासासाठी त्याहून सोयीचे वाहन मिळणार नाही. टोमॅटो आणि मिरचीवर येणारा टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस २०१४ मध्ये इस्राएलमधील पिकात दिसून आला आणि २०१५ मध्ये जॉर्डनमध्ये आढळला. त्यानंतर काही वर्षांतच तो अनेक खंडांत पोहोचला. हा विषाणू बियांच्या बाहेरच्या आवरणावर टिकून राहतो आणि रोपे हाताळताना हातांनी, अवजारांनी पसरतो. २०१९ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ या दोघांनीही त्याच्यासाठी टोमॅटो आणि मिरचीच्या बियाण्यावर स्वतंत्र निर्बंध आणले. घरच्या बागेतल्या निरोगी दिसणाऱ्या झाडाचे बी या विषाणूपासून मुक्त आहे की नाही, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली चाचणी लागते.

साठवणीतल्या किडींचेही तसेच. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या पोत्याच्या शिवणीत, पुठ्ठ्याच्या घडीत, डब्याच्या चिरेत लपून बसतात आणि अन्न न मिळताही दीर्घकाळ, प्रसंगी काही वर्षे, तग धरतात. म्हणूनच जुन्या धान्याच्या पिशवीत भरलेले नवे, स्वच्छ बियाणेसुद्धा संशयास्पद ठरते. ज्या देशात ही कीड अजून स्थिरावलेली नाही त्याला ती एकदा घुसल्यावर हुसकावून लावण्यापेक्षा दारातच रोखणे कितीतरी सोपे जाते. आपण पाठवलेले पाकीट त्या देशातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचे नुकसान करू शकते, ही जाणीव पाठवणाऱ्याला असायला हवी, असे मला मनापासून वाटते. नियम नाइलाजाने पाळण्याऐवजी समजून पाळले की चुकाही कमी होतात.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक: परवाना आणि प्रमाणपत्र यांची गल्लत

बियाण्याच्या बाबतीत दोन वेगळे कागद असतात आणि त्यांची सतत सरमिसळ होते. आयात परवाना घेणाऱ्याच्या देशाची वनस्पती संरक्षण यंत्रणा देते, आणि सर्वसाधारणपणे तो घेणाऱ्याच्या नावावर निघतो. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे वनस्पतीच्या आरोग्याचा दाखला, पाठवणाऱ्याच्या देशाची वनस्पती संरक्षण यंत्रणा देते, आणि ते त्या विशिष्ट मालाची तपासणी झाल्यावर, माल देशाबाहेर जाण्याआधी निघते. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारात आज १८० हून अधिक देश सहभागी आहेत, आणि या प्रमाणपत्राचा नमुना त्याच करारातून आलेला असल्यामुळे तो जगभर जवळपास एकसारखा दिसतो. त्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, प्रमाण, उगमस्थान, पाठवणारा आणि घेणारा यांचे पत्ते आणि गरज असल्यास अतिरिक्त घोषणा असते.

ही अतिरिक्त घोषणाच पुष्कळदा राहून जाते. घेणाऱ्या देशाने ‘हे बियाणे अमुक विषाणूसाठी तपासले असून त्यापासून मुक्त आहे’ असे वाक्य मागितले असेल आणि प्रमाणपत्रावर केवळ ‘तपासले, कीड आढळली नाही’ एवढेच असेल, तर प्रमाणपत्र खरे असूनही माल नाकारला जातो. पण पाठवणाऱ्याच्या गावातल्या तपासनिसाला समोरच्या देशाला कोणते वाक्य हवे आहे हे कळणार कसे? ते आयात परवान्यावर किंवा त्या देशाच्या जाहीर केलेल्या अटींमध्ये लिहिलेले असते. यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी घेणाऱ्याने आपल्या देशाच्या अटी पाहायच्या आणि लागत असेल तर परवाना काढायचा, मग त्याची प्रत पाठवणाऱ्याला द्यायची, मग पाठवणाऱ्याने ती प्रत घेऊन आपल्याकडच्या कार्यालयात तपासणीसाठी जायचे आणि सर्वांत शेवटी टपाल कार्यालय गाठायचे. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात. प्रमाणपत्राची मूळ प्रत पाकिटाबरोबर, बाहेरून सहज सापडेल अशा ठिकाणी असावी. ती नंतर वेगळ्या पत्राने पाठवण्याचा काही उपयोग होत नाही.

खासगी प्रयोगशाळेचा अहवाल, रोपवाटिकेचे पत्र किंवा ‘सेंद्रिय’ असा शिक्का हे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. पाकीट भेट म्हणून जात असले, बियांची संख्या अगदी थोडी असली, तरी सूट आहे असे गृहीत धरू नये. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी खासगी व्यक्तींच्या थोड्या प्रमाणातल्या मालाला पूर्वी मिळणारी सवलत काढून टाकली. आता बाहेरून येणाऱ्या जवळपास सर्व वनस्पती, फळे आणि लागवडीचे बियाणे यांना प्रमाणपत्र लागते, आणि त्यातून अननस, केळी, नारळ, ड्युरियन आणि खजूर या पाच फळांनाच वगळलेले आहे.

थोड्या बियांसाठीची सवलत कुठे असते आणि ती कशी हुकते

काही देशांनी हौशी बागकाम करणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवली आहे, आणि तिचा फायदा घेण्यासारखा आहे. अमेरिकेत कृषी खात्याकडून ‘स्मॉल लॉट्स ऑफ सीड’ नावाचा परवाना मिळतो. तो असेल तर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागत नाही. मात्र त्याच्या अटी काटेकोर आहेत. एका पुडीत एकाच प्रकारच्या जास्तीत जास्त ५० बिया किंवा जास्तीत जास्त १० ग्रॅम बियाणे, एका वेळी जास्तीत जास्त ५० पुड्या, प्रत्येक पुडीवर शास्त्रीय नाव, उगमाचा देश आणि पाठवणाऱ्याचे नाव, आणि बियांवर कोणतेही कीटकनाशक लावलेले नसावे. ज्या जातींवर बंदी आहे किंवा ज्यांना विशेष चाचणी लागते त्यांना ही सवलत मिळत नाही.

या सवलतीत सर्वांत अधिक पाकिटे पत्त्यामुळे हुकतात. परवान्याबरोबर घेणाऱ्याला हिरव्या-पिवळ्या रंगाची लेबले मिळतात, आणि त्यांवर घेणाऱ्याचा नव्हे तर वनस्पती तपासणी केंद्राचा पत्ता असतो. पाठवणाऱ्याने हे लेबल पाकिटाच्या बाहेर लावायचे असते आणि घेणाऱ्याचा पत्ता आतल्या कागदावर लिहायचा असतो. केंद्रात तपासणी झाली की तेथून पाकीट घेणाऱ्याकडे जाते. सवयीने घरचा पत्ता बाहेर लिहिला की परवाना असूनही पाकीट चुकीच्या रांगेत पडते.

ऑस्ट्रेलियाची पद्धत वेगळी आहे. तेथे बायकॉन नावाची सार्वजनिक माहिती प्रणाली आहे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव टाकले की तिचे बी आणता येते का, परवाना लागतो का, कोणती प्रक्रिया करावी लागते, हे समोर येते. न्यूझीलंडचीही जातींची अशीच एक अधिकृत सूची आहे. या दोन्ही ठिकाणी जे यादीत परवानगीसह नाही ते आणता येत नाही, हे सूत्र धरून चालावे. ज्याला बंदी नाही ते चालते, असा उलटा अर्थ काढणाऱ्यांची पाकिटे तेथे नष्ट होतात.

तपासणीच्या टेबलावर काय होते

तपासनीस पुडी उघडून बिया पांढऱ्या ट्रेवर ओततो, चाळणीने बारीक कचरा वेगळा करतो आणि भिंगाखाली पाहतो. ट्रेच्या एका कोपऱ्यात मोहरीएवढे मातीचे ढेकूळ दिसले, बियांबरोबर वाळलेल्या शेंगेचे तुकडे आले, एखाद्या दाण्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसले किंवा टाकलेली अळीची कात सापडली, की पुढचा निर्णय जवळपास ठरलेला असतो. माती ही जवळजवळ प्रत्येक देशात निषिद्ध आहे, कारण चिमूटभर मातीत काय काय जिवंत आहे हे त्या टेबलावर ठरवणे अशक्य असते.

म्हणून बियाणे पाठवण्याआधी स्वतःच्या टेबलावर हीच तपासणी करावी. बिया शेंगेतून किंवा फळातून पूर्णपणे सोडवून, वाळवून, चाळून, पांढऱ्या कागदावर पसरून एकेक दाणा पाहावा. फुटलेले, भोक पडलेले, डागाळलेले दाणे काढून टाकावेत. बियांमध्ये इतर बिया मिसळलेल्या नाहीत, हे विशेष बारकाईने पाहावे, कारण तणाच्या एका बीमुळेही पूर्ण पाकीट जाऊ शकते. अमरवेलीसारख्या परोपजीवी वेलींच्या बिया आकाराने इतक्या लहान असतात की नुसत्या नजरेला त्या मातीच्या कणासारख्या दिसतात. पुडी नवीन असावी, तोंड पूर्ण बंद असावे आणि तिच्यावरचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत, प्रजाती आणि जाती या दोन्ही भागांसह लिहिलेले असावे. घरगुती नावांचा येथे उपयोग नाही. एकच बोलीनाव दोन अगदी वेगळ्या वनस्पतींना असू शकते, आणि तपासनीस ज्या यादीत शोधतो ती यादी शास्त्रीय नावांचीच असते. नावच ओळखता आले नाही तर निरोगी बियासुद्धा नाकाराव्या लागतात. ‘मिश्र फुलांच्या बिया’ अशी पुडी तर कधीच पाठवू नये.

खाद्यपदार्थ: वेगळी खाती, वेगळे निकष

खाण्याच्या वस्तूंच्या बाबतीत पहिला प्रश्न ती वस्तू प्राण्यापासून आलेली आहे का, हा असतो. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ हे सर्वांत धोक्याचे मानले जातात. वाळवलेले, खारवलेले किंवा धुरावलेले मांसही यातून सुटत नाही, कारण आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाचा विषाणू अशा मांसात महिनोन्महिने जिवंत राहू शकतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुत रोगाची जी साथ आली तिच्यात ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि बेकायदा आलेल्या मांसाचे अवशेष डुकरांच्या खाद्यात गेल्याने ती सुरू झाली असावी, असा चौकशीतला प्रमुख अंदाज होता. युरोपीय संघ बाहेरच्या बहुतेक देशांतून खासगी टपालाने मांस आणि दूध यांचे पदार्थ येऊ देत नाही. मध अनेकांना निरुपद्रवी वाटतो, पण तो मधमाश्यांच्या रोगांचा वाहक ठरू शकतो, आणि न्यूझीलंडसारखे देश मधमाश्यांपासून मिळणारे पदार्थ जवळपास पूर्णपणे अडवतात.

वनस्पतिजन्य पदार्थांमध्ये भाजलेले, शिजवलेले, दळलेले आणि कारखान्यात हवाबंद केलेले पदार्थ तुलनेने सुटतात. ताजी फळे, भाज्या, कंद आणि मुळे बहुधा अडतात. मधल्या जागेत कच्चे धान्य आणि कडधान्य येते, आणि घोटाळा येथेच होतो. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ते खाण्याचे असते, पण ते पेरले तर उगवते, म्हणून तपासनिसाच्या दृष्टीने ते बियाणेच असते. ‘स्वयंपाकासाठी’ असे लिहिल्याने त्याची उगवण्याची क्षमता जात नाही. असे पदार्थ पाठवायचेच असतील तर दळून किंवा भाजून पाठवणे हा खात्रीशीर नसला तरी अधिक सुरक्षित मार्ग आहे. काही वस्तूंचा प्रश्न तर शेतीशी संबंधितच नसतो. खसखस अनेक स्वयंपाकघरांत सहज असते, परंतु सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. तेथे पाकीट जप्त होण्यावरच प्रकरण थांबेल असे समजू नये.

अमेरिकेला अन्नपदार्थ पाठवताना २००२ च्या जैवदहशतवादविरोधी कायद्यानुसार अन्न आणि औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. टपालाने पाठवायच्या वस्तूसाठी ही सूचना पाकीट टाकण्याआधी नोंदवायची असते आणि तिचा पुष्टी क्रमांक पाकिटाबरोबर जायला हवा. एखाद्या व्यक्तीने स्वतः घरी बनवलेला आणि स्वतः वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेला पदार्थ या सूचनेतून वगळलेला आहे. ही सूट केवळ पूर्वसूचनेपुरती आहे. त्या पदार्थात मांस असेल तर कृषी खात्याचे नियम तसेच लागू राहतात.

घोषणापत्र कसे भरावे

पाकिटावरच्या सीएन २२ किंवा सीएन २३ अर्जात ‘गिफ्ट’, ‘नमुना’, ‘खाऊ’, ‘घरगुती सामान’ असे शब्द लिहिणे हे अडकण्याचे एक ठळक कारण आहे. युरोपीय संघाच्या आगाऊ माहिती प्रणालीत अशा मोघम शब्दांची यादीच केलेली आहे आणि ते असल्यास माहिती नाकारली जाते. भेट हा पाठवण्याचा हेतू झाला, वस्तूचे वर्णन नव्हे, आणि अर्जात दोहोंसाठी वेगळ्या जागा असतात. वर्णनाच्या रकान्यात ‘लागवडीचे बियाणे’, त्यापुढे शास्त्रीय नाव, पुड्यांची संख्या आणि वजन, सर्व इंग्रजीत, असे लिहावे. लागवडीच्या बियाण्याचा आंतरराष्ट्रीय कस्टम्स वर्गीकरणातला शीर्ष क्रमांक साधारणपणे १२०९ असतो, पण धान्य आणि कडधान्य यांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून तो पडताळून घ्यावा. परवान्याचा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक त्यासाठी असलेल्या रकान्यात नोंदवावा.

बियांना ‘मणी’ किंवा ‘हस्तकला’ म्हणून घोषित करण्याचा सल्ला काही जण देतात. तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये. कागद कमी पडला तर पाकीट जाते, पण खोटे वर्णन दिले तर पाठवणारा आणि घेणारा दोघेही कारवाईच्या कक्षेत येतात, आणि त्या पत्त्यावर येणारी पुढची पाकिटेही अधिक बारकाईने तपासली जाऊ शकतात. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हजारो लोकांना न मागवलेल्या बियांची पाकिटे आली, त्यांतल्या अनेकांवर दागिने असे लिहिलेले होते. त्यानंतर अशा वर्णनांकडे संशयाने पाहिले जाते. (असे न मागवलेले पाकीट कधी आलेच, तर बिया पेरू नयेत आणि कचऱ्यातही टाकू नयेत. वेष्टनासह बंद ठेवून स्थानिक वनस्पती संरक्षण कार्यालयाला कळवावे.)

आधीच अडकलेल्या पाकिटाचे काय?

सूचना घेणाऱ्याच्या नावाने येते, म्हणून उत्तरही त्यानेच द्यायचे असते. पाठवणाऱ्याने आपल्या टपाल कार्यालयात खेटे घातल्याने परदेशातला निर्णय हलत नाही. सूचनेत सामान्यतः माल परत पाठवणे, स्वतःच्या खर्चाने प्रक्रिया करून घेणे किंवा नष्ट करू देणे यांपैकी पर्याय आणि एक मुदत दिलेली असते. मुदत उलटली की माल नष्ट होतो. बियाणे दुर्मीळ असेल, पुन्हा मिळणे कठीण असेल, तर परत पाठवण्याचा खर्च सोसणे योग्य ठरते. साधे बियाणे असेल तर नष्ट होऊ द्यावे आणि नवे पाकीट योग्य कागदांसह तयार करावे. जप्त झालेल्या वस्तूचे दुसरे पाकीट, निकाल लागण्याआधी, त्याच पद्धतीने पाठवू नये.

चिठ्ठीवरचे कारण ‘प्रमाणपत्र नाही’ असे असेल तर मार्ग खुला आहे. ‘जातीस प्रवेश नाही’ असे असेल तर कोणत्याही कागदाने तो खुला होणार नाही. निवडुंग आणि ऑर्किडसारख्या वनस्पतींच्या बाबतीत संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील साइट्स कराराचे निर्बंधही आड येऊ शकतात आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. अशा वेळी घेणाऱ्याच्या देशातल्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे किंवा बियाणे जतन करणाऱ्या संस्थेकडे त्याच शास्त्रीय नावाने चौकशी करावी. बऱ्याच जाती तेथे क्वारंटाइन पूर्ण करून आधीच उपलब्ध असतात, आणि पाठवणाऱ्याने त्या माणसाला बियांऐवजी लागवडीची माहिती, वाणाचे नाव आणि पेरणीचा हंगाम लिहून पाठवला तर त्या पत्राला कोणताही परवाना लागत नाही.